अंग दुखतं का?

कळंब

कळंबला पोचल्यावर पहिल्याच जेवणात मी घरच्या बाईला दुखावलं. ताटात बाजरीची भाकरी, लालभडक रस्सा आणि शेजारी जाडसर कापलेल्या वड्या. शांताबाई म्हणाल्या, "मासवडी हाय, घ्या." मी ताट हातानं मागे सारलं आणि म्हटलं, "मी मांसाहार करत नाही." जरा जास्तच ठामपणे म्हटलं असणार, कारण ओसरीवर बसलेले त्यांचे यजमान बबनराव उठून आत आले. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग बबनराव एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

"ओ ताई, त्यात कुठलं मास! बेसन हाय ते. आत तीळ, खोबरं, दाणं, लसूण. माशाच्या तुकड्यावानी दिसती म्हणून मासवडी."

म्हणजे आमच्या अमरावतीच्या पाटोडीचीच ही चुलत बहीण. आमची पाटोडी सपाट असते, हिच्या पोटात सारण भरलेलं. रस्सा मात्र आमच्या तोडीस तोड झणझणीत. मी दोनदा मागून खाल्ली. शांताबाईंनी राग धरला नाही, पण पुढचे दोन दिवस काहीही वाढताना त्या आधी सांगायच्या, "ह्यात काय न्हाई बरं का."

ज्या कामासाठी मी आले होते त्याला ही सुरुवात शोभणारीच होती. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी घरी बसून भाषांतरं करते. फॉर्म, पत्रकं, औषधांबरोबर येणारे कागद. पुण्यातल्या एका संस्थेनं वयस्कर माणसांच्या दुखण्यांबद्दलची एक प्रश्नावली माझ्याकडून मराठीत करून घेतली होती. ती छापण्याआधी कुणीतरी गावात जाऊन माणसांपुढे वाचायची आणि त्यांना प्रश्न कळतात का हे पाहायचं, असं ठरलं. मी म्हटलं, शब्द माझे आहेत, मीच जाते. जुन्नर-आंबेगावकडचा हा मुलूख मी पाहिलेला नव्हता. डिसेंबर सरत आला होता, थंडी चांगली पडली होती आणि माझ्याकडे दहा दिवस होते.

सकाळी बबनरावांच्या अंगणात सात-आठ माणसं जमली. समोरच्या वावरात कांद्याची लागण चालली होती. बायका ओळीनं वाकून रोपं खोवत मागे मागे सरकत होत्या. मी घसा साफ करून पहिला प्रश्न वाचला, "गेल्या महिनाभरात आपल्याला शारीरिक वेदना जाणवल्या का?"

शेजारच्या साळूबाई, वय पंच्याहत्तरच्या पुढचं, कानामागे हात धरून ऐकत होत्या. त्यांनी पदर तोंडाशी नेला. "आगं बाई, वेणा? आता या वयात मला कशाच्या वेणा?"

सगळं अंगण हसलं. मीही हसले, पण मनात कुठेतरी खट्टू झाले. 'वेदना' हा शब्द मी किती सहज लिहून टाकला होता.

पुढचा प्रश्न दुखणं किती आहे याचा होता. चार शब्दांतला एक निवडायचा: सौम्य, मध्यम, तीव्र, असह्य.

"सौम्या तर आमच्या धाकट्या नातीचं नाव," बबनराव म्हणाले. "मध्यम म्हंजी कांद्यात कसं, गोल्टीच्या वरचा आन् मोठ्याच्या खालचा. तीव्र ते टीव्हीवर सांगत्यात, कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला. आन् ते शेवटचं काय?"

"असह्य. म्हणजे सोसवत नाही असं."

यावर शांताबाई भाकऱ्या थापता थापता आतून बोलल्या, "सोसवलं न्हाई तर माणूस मरंल ना, ताई? आमी तर हाय की जित्ती."

मी त्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग प्रश्नावली बाजूला ठेवली आणि नुसतं विचारलं, तुमचं काय काय दुखतं. तासाभरात वहीची पाच पानं भरली. शांताबाईंचा गुडघा कळ मारत होता. बबनरावांच्या कमरेत मागच्या आठवड्यात उसण भरली होती. साळूबाईंचं डोकं उठत होतं, पोटात कालवत होतं, पायात रात्री गोळे येत होते. कुणाच्या टाचेत काट्याचं टोक सलत होतं, कुणाचं गळू ठुसठुसत होतं. दाढ ठणकत होती. माझ्या कागदावर या ठणक्यासाठी 'स्पंदित होणारी वेदना' असे तीन शब्द होते. शब्दकोशात पाहून, अमरावतीत पंख्याखाली बसून लिहिलेले. मी लहानपणी दाढ ठणकते म्हणून रडले होते, स्पंदित होते म्हणून नव्हे. ते मला टेबलाशी बसल्यावर आठवलं नव्हतं.

निघताना बबनरावांनी मला सल्ला दिला. "ताई, ते शारीरिक वेदना काढून टाका. आपल्या माणसाला सरळ इचारावं, अंग दुखतं का? न्हानं पोरगंबी सांगंल."

मला ते इतकं पटलं की तिथेच बाजेवर बसून मी बॉलपेननं सगळ्या प्रतींवर पहिला प्रश्न खोडला आणि वर लिहिलं: 'अंग दुखतं का?'

पिंपरी पेंढार

पिंपरी पेंढारला मी मनीषाच्या घरी उतरले. मनीषा गावची आशा कार्यकर्ती. पस्तिशीची, सडसडीत, बोलणं भराभर. तिच्या स्कूटीवर मागे बसून मी वस्त्यांवर हिंडायची. आमच्याकडे गावातली घरं एकमेकांना चिकटून असतात. इथे बरीच माणसं आपापल्या मळ्यात वस्ती करून राहतात. दोन घरांच्या मधे ऊस, मका, टोमॅटो. मनीषाला प्रत्येक घरातलं बाळंतपण, डोस आणि साखर तोंडपाठ होती. ती म्हणायची, "ताई, मला सगळ्यांचं सगळं ठाव हाय. पण या घरातलं त्या घरात सांगत न्हाई. म्हणून दारात उभं करत्यात."

खोडून लिहिलेला प्रश्न दोन दिवस झकास चालला. "अंग दुखतं का?" म्हटलं की माणसं खुलायची. "लई दुखतं, राव, सांगू नका," असं म्हणत एका आजोबांनी मला अर्धा तास बसवून ठेवलं. मी मनातल्या मनात बबनरावांचे आभार मानत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गावाबाहेरच्या एका धनगर वस्तीवर गेलो. तीन घरं. पूर्वी ही माणसं पावसाळा संपला की मेंढरं घेऊन कोकणात उतरायची. आता शेती करतात. एकाच घरात पन्नासेक मेंढरं उरली होती, ती हौसाबाईंकडे. साठीच्या आसपासच्या, उंच, उन्हानं रापलेल्या. हातात काठी. मुलगा दत्तू ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होता. सून सविता चहा टाकायला आत गेली. आम्ही चटईवर बसलो, हौसाबाई मात्र खांबाला टेकून उभ्याच राहिल्या. मी बसा म्हटलं तर म्हणाल्या, "मला उभ्याचीच सवं हाय."

मी सुरुवातीला सहज विचारलं, "मावशी, काही त्रास?"

"त्रास कसला? सून लई गुणाची हाय," त्या सवितेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. 'त्रास' हा शब्द त्या कुणाच्या नावावर टाकत होत्या हे लक्षात येऊन मी तो सोडून दिला आणि कागदावर आले.

"मावशी, तुमचं अंग दुखतं का?"

त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मी आवाज चढवून पुन्हा विचारलं. दत्तूनं विळ्यावरून मान वर केली.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

कागदावर या प्रश्नाखाली दोन उपप्रश्न होते. ते सगळ्यांनाच विचारायचे होते. मी वाचले. "जड उचललं की वाढतं का? खोकलं, शिंकलं तर जास्त होतं का?"

हौसाबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मनीषाकडे, मग दाराशी चहा घेऊन आलेल्या सवितेकडे. "तुमाला कुणी सांगितलं?"

"काय कुणी सांगितलं?"

"मी इचारते, कुणी सांगितलं?" त्या मनीषाकडे वळल्या. "आशाताई, तुमी गावभर केलं व्हय? पोराच्या म्होरं इचारायला बाई आणली तुमी?"

मनीषा उठून उभी राहिली. "मावशी, मला काय ठावंच न्हाई. कशाबद्दल बोलताय?"

हौसाबाई काठी घेऊन अंगणातून खाली उतरल्या आणि मेंढरांकडे निघून गेल्या. दत्तूला काही कळलं नव्हतं, पण आई चिडली एवढं कळलं होतं. तो म्हणाला, "म्हातारीला भलतंसलतं इचारू नका, मॅडम. जावा तुमी."

चहा तसाच राहिला. घराशी स्कूटी लावताना मनीषा म्हणाली, "ताई, एवढी वर्सं मी त्या वस्तीवर जाते. आता तिथली बाई मला दारात उभं करनार न्हाई. काय इचारलं वो आपण असं?"

मी कागद पुन्हा पुन्हा वाचला. मला त्यात काहीच सापडलं नाही.

लेण्याद्री

दुसऱ्या दिवशी वस्तीवर जायची आमची छाती नव्हती. मनीषाच म्हणाली, चला, लेण्याद्रीला जाऊन येऊ, इथवर येऊन गणपती चुकवू नये. सकाळच्या उन्हात आम्ही पायऱ्या चढलो. माझ्या गुडघ्यांनी निम्म्यातच बबनरावांकडच्या दोन-तीन शब्दांची आठवण करून दिली. डोलीवाले एका आजींना खांद्यावर घेऊन झपाझप वर गेले. आजी आम्हाला मागे टाकताना हात हलवत होत्या.

गिरिजात्मजाचं देऊळ म्हणजे डोंगरात कोरलेलं मोठं दालन, मधे एकही खांब नाही. खालून कुकडीकाठची हिरवी चौकोनी शेतं दिसतात. दर्शन घेऊन आम्ही शेजारच्या बौद्ध लेण्यांत गेलो. एका ठिकाणी ब्राह्मीतली अक्षरं आहेत. तिथल्या माणसानं सांगितलं की कुणीतरी दान दिल्याचं त्यात लिहिलंय. येणारेजाणारे त्या ओळीवरून नजर फिरवून पुढे जात होते. मीही गेले. वाचता येत नसेल तर अक्षर म्हणजे दगडावरची रेघच.

सावलीत बसून मनीषानं डबा उघडला. चपाती, मेथीची भाजी, गूळ. दोन घास झाले असतील. ती एकदम थांबली.

"ताई, तुमी 'अंग' म्हणलं ना?"

"हो. अंग दुखतं का, असं."

"आन् नंतर, जड उचलल्यावर वाढतं का." तिनं आजूबाजूला पाहिलं. जवळ कुणी नव्हतं, तरी तिचा आवाज खाली आला. "ताई, बाया बायांत बोलताना अंग म्हंजी हात-पाय न्हाई. अंग बाहेर येतं म्हणत्यात ना, ते."

माझा घास हातातच राहिला. हा शब्द मला परका नव्हता. 'अंगावरून जातं' हे मी आईच्या आणि मावश्यांच्या तोंडी दाराआडून ऐकलं होतं. गर्भाशय खाली सरकून बाहेर येणं, त्याला बायका 'अंग बाहेर येणं' म्हणतात, हेसुद्धा मला ठाऊक होतं. पण ते ज्या आवाजात ऐकलं होतं, तो आवाज मी लिहायला बसताना कधी आठवला नव्हता. बबनरावांनी मला बरोबरच शब्द दिला होता. फक्त तो बाप्यांचा होता.

"म्हणजे हौसाबाईंना..."

"तसंच असणार. त्यांना वाटलं मी हेरलं आन् तुमाला सांगितलं. पोराच्या म्होरं." मनीषानं डबा बंद केला. "म्हणून त्या बसत न्हाईत, ताई. मी इतकी वर्सं बघते, त्या उभ्याच असत्यात. माझ्या डोक्यात आलं न्हाई."

खाली उतरताना ती माझ्या पुढे होती. पायथ्याशी पेरू विकणाऱ्या बाईपाशी थांबून तिनं चार पेरू घेतले आणि म्हणाली, "उद्या जायचं. घरात न्हाई. रानात गाठायचं."

पुन्हा वस्तीकडे

मका काढून मोकळ्या झालेल्या एका वावरात हौसाबाईंची मेंढरं चरत होती. आम्हाला लांबूनच पाहून त्यांनी पाठ फिरवली. मनीषा मागे थांबली. मी एकटी ढेकळं तुडवत गेले. कुत्रं भुंकायला लागलं, त्याला त्यांनी एका आवाजात गप्प केलं. तेवढं तरी माझ्या बाजूचं झालं.

"मावशी, माफी मागायला आले. मला कुणीही काही सांगितलेलं नाही. मनीषानं तर मुळीच नाही. मी हा प्रश्न सगळ्यांना विचारते, बाप्यांनासुद्धा. हात-पाय, पाठ दुखते का, एवढंच मला विचारायचं होतं. माझा शब्द चुकला."

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "बाप्यांनाबी हेच इचारता?"

"हेच."

"म्हंजी तुमाला ठावंच नव्हतं?"

"नव्हतं."

"आन् म्याच बोलून बसले." त्यांनी कपाळावर हात मारला आणि त्यांच्या तोंडून हसू फुटलं. मग ते हसू मधेच थांबलं आणि त्या काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. मनीषा हळूहळू जवळ आली होती. त्यांनी तिला येऊ दिलं.

मेंढरांकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं. धाकट्या मुलाच्या वेळी कोकणातून परतताना वाटेतच बाळंत झाल्या. चौथ्या दिवशी डोक्यावर बोचकं, काखेत मूल, आणि घाट चढायचा. घाटाच्या माथ्यावर काहीतरी खाली आल्यासारखं वाटलं. तेव्हापासून. सकाळी हातानं आत सारायचं, फडकं कसून बांधायचं, दिवसभर हिंडायचं. खोकला आला की पुन्हा बाहेर. बसलं की टोचतं, म्हणून बसायचं नाही.

"कुणालाच सांगितलं नाही?" मनीषानं विचारलं.

"आईला सांगितलं व्हतं. ती म्हणली, मलाबी हाय, तुझ्या मावशीलाबी हाय. सगळ्याच बायांना असतं म्हणल्यावर त्याला दुखणं कसं म्हणायचं, बाई?"

मनीषानं मग शांतपणे समजावलं. जुन्नरच्या सरकारी दवाखान्यात बाई डॉक्टर आहे. तपासून आधार देणारी रिंग बसवतात, लागलंच तर ऑपरेशन. पण घरचं माणूस बरोबर हवं.

"घरचं माणूस म्हंजी दत्तू." हौसाबाई माझ्याकडे वळल्या. "आशाताई सांगत व्हती, तुमचं शब्दाचंच काम हाय. मंग मला एक शबूद द्या. पोराला सांगता यील असा."

मला आजवर कुणी एवढं अवघड काम दिलेलं नाही. मी म्हटलं, "गर्भाशय खाली आलंय, असं सांगा."

"ते डाक्तरचं झालं. माझ्या तोंडात बसायचं न्हाई."

"पिशवी म्हणा, मावशी," मनीषा म्हणाली. "पिशवी सरकली."

"पिशवी म्हणलं की तो म्हणल, काढून टाका. त्याच्या सासूची तशीच काढली." त्यांनी मान हलवली. मी आणखी दोन शब्द सुचवले. एक त्यांना देवळातला वाटला, दुसऱ्याला तर मनीषाच हसली. पस्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला आईनं मुलाला सांगायचा एक शब्द सापडत नव्हता.

ऊन कलायला लागलं तसं हौसाबाईंनी मेंढरं घराकडे वळवली. "चला," त्या म्हणाल्या, "चहा ऱ्हायलाय तुमचा."

दत्तू अंगणात एका मेंढीला गुडघ्यांत धरून तिचं वाढलेलं खूर कापत होता. आम्हाला बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. हौसाबाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"दत्तू, मागं कबरी मेंढीचं अंग बाहेर आलं व्हतं. तवा तू काय केलं व्हतंस?"

तो गोंधळला. "का गं?"

"सांग की."

"कोमट पाण्यानं धुतलं. आत बसवलं. डाक्तर येऊन टाकं घालस्तवर धरून बसलो. रातभर."

"का बसलास?"

"का म्हंजी? मुकं जनावर. तिला सांगता येतंय व्हय?"

"तसं माझं हाय," हौसाबाई म्हणाल्या. "तुझा भाऊ झाला तवापासून."

दत्तूच्या हातातली कात्री थांबली. त्याचा भाऊ आता तिशी ओलांडलेला, चाकणला कारखान्यात कामाला. दत्तूनं गुडघे सैल केले तशी मेंढी सुटून कळपात पळाली. दारात सविता उभी होती. तिनं तोंडावर पदर घेतला होता.

दत्तूनं उठून हौदावर हात धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन मनीषाला विचारलं, "सकाळी किती वाजता निघायचं?"

जुन्नर

दवाखान्यात बाई डॉक्टरांनी तपासलं. एवढी वर्षं काय केलंत, असं त्या बोलल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. आधी रिंग बसवली. फडकं घासून झालेल्या जखमा भरल्या की ऑपरेशनचं बघू, म्हणाल्या. दत्तू पूर्ण वेळ बाहेर व्हरांड्यात उभा होता. त्याला बाकावर बसायला सांगितलं तर म्हणाला, "नगं, असंच बरं हाय."

हौसाबाई बाहेर आल्या त्या सवितेचा हात धरून. सविता रागावलेली होती. "आत्या, मला तरी सांगायचं. मी रोज तुमच्या डोक्यावर हंडा चढवत व्हते."

"तुला सांगितलं असतं तर तू चढवला नसता," हौसाबाई म्हणाल्या. "मंग पानी कुणी आणलं असतं?"

बसस्थानकाजवळ आम्ही चहा घेतला. हौसाबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर आधी टेकल्या, मग जरा सावरून पूर्ण बसल्या. दत्तूनं त्यांच्यासाठी खारी मागवली आणि ती चहात बुडवून खाताना त्या रस्त्यावरची गर्दी बघत राहिल्या.

मी दुसऱ्या दिवशी अमरावतीला परत निघाले. मनीषानं पिशवीभर बाजरी आणि वाळवलेली मेथी दिली.

संस्थेला मी लांबलचक पत्र लिहिलं. पहिला प्रश्न बदलून 'हात-पाय, पाठ दुखते का?' असा केला. बायकांना बाईनंच, एकटीला विचारावं, असं सुचवलं आणि त्यांच्यासाठी एक वेगळा प्रश्न घातला: 'अंग बाहेर येतं का?' फोनवर तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं विचारलं, "मॅडम, हे जरा ग्राम्य नाही वाटत? गर्भाशयभ्रंश असा शब्द आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. "पण तो आजार असलेली बाई मला अजून भेटायची आहे." त्यांनी विचार करून सांगतो म्हटलं. तीन आठवड्यांनी प्रश्न ठेवल्याचं कळवलं, कंसात त्यांचा शब्द जोडून. तेवढी तडजोड मी मान्य केली.

हौसाबाईंचं ऑपरेशन फाल्गुनात झालं. ते नीट पार पडल्याचं मनीषानं फोनवर सांगितलं. नंतर चैत्रात तिचा पुन्हा फोन आला, तेव्हा ती हसत होती आणि तिला धड बोलताही येत नव्हतं.

त्या दिवशी उपकेंद्रावर लसीकरण होतं. पन्नासेक माणसं, त्यात पोरांना घेऊन आलेले बापेही. हौसाबाई आपल्या जावेला मनगटाला धरून आत घेऊन आल्या. जाऊ मान वर करत नव्हती. नर्सबाई रजिस्टर उघडून बसली होती. तिनं विचारलं, काय तक्रार आहे.

"हिचंबी अंग बाहेर येतं," हौसाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "धा वर्सं झाली."

दोन-तीन बापे दाराबाहेर सरकले. नर्सबाई पेन उचलून थांबली. रकान्यात कोणता शब्द घालावा, असा तिला प्रश्न पडला असावा.

"लिवा की," हौसाबाई म्हणाल्या. "मी बोलले तसंच लिवा."